हिरव्या रंगाखालची माती

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील जमिनीला ऱ्हासाचा धोका आहे, असे विधान महाराष्ट्रात सहसा कोणी करीत नाही. कारण जमिनीच्या ऱ्हासाचा विषय निघाला की माण, आटपाडी, आष्टी किंवा जत तालुक्यांतील उघडी माळराने डोळ्यांसमोर येतात आणि वैनगंगेच्या पलीकडचे साग-बांबूचे जंगल त्या चित्रात कोठेच बसत नाही. गडचिरोलीच्या 14,412 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेले आहे, 11,443 चौरस किलोमीटरच्या चंद्रपुरात ताडोबा-अंधारीचा व्याघ्र प्रकल्प आहे, आणि पश्चिमेकडच्या वरोरा-राजुरा भागात 1,100 ते 1,200 मिलिमीटर पडणारा पाऊस पूर्वेकडे भामरागडच्या डोंगरांपर्यंत दीड हजाराच्या घरात जातो. अशा प्रदेशात जमिनीच्या संवेदनशीलतेचा नकाशा काढण्याची गरज काय, अशी शंका कोणालाही येईल. ती गरज आहे आणि मोठी आहे. परंतु जगभर रूढ असलेल्या पद्धतीने तो नकाशा काढला, तर जेथे त्याची सर्वाधिक गरज आहे नेमका तेथेच तो फसतो, हे प्रस्तुत लेखात दाखवायचे आहे.

प्रथम दोन संज्ञांमधील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. जमिनीचा ऱ्हास म्हणजे तिची पीक, चारा, लाकूड किंवा पाणी देण्याची क्षमता दीर्घकाळासाठी घटणे. माती वाहून जाणे, वनस्पतींचे आच्छादन विरळ होणे, क्षार वर येणे, पाणी साचून राहणे, खाणीसाठी जमीन उलटीपालटी होणे हे त्याचे निरनिराळे प्रकार होत. संवेदनशीलता ही याहून वेगळी गोष्ट आहे. आज धडधाकट दिसणारी जमीन उद्या आच्छादन गेले, उतारावर नांगर चालला किंवा वरच्या अंगाचे पाणी वळवले गेले तर किती लवकर आणि किती खोलवर बिघडेल, याचा अंदाज म्हणजे संवेदनशीलता. ऱ्हासाचा नकाशा झालेले नुकसान नोंदवतो, तर संवेदनशीलतेच्या नकाशाने होऊ घातलेल्या नुकसानीची जागा आधी दाखवावी अशी अपेक्षा असते, आणि म्हणूनच ज्या प्रदेशात अजून बरेच काही शिल्लक आहे तेथे दुसऱ्या नकाशाचे मोल पहिल्यापेक्षा अधिक असते.

या विषयाचा आंतरराष्ट्रीय पाया कोरड्या प्रदेशांसाठी घातला गेला, ही बाब पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार 1994 मध्ये झाला आणि भारताने त्याला 1996 मध्ये मान्यता दिली. या कराराने वाळवंटीकरणाची व्याख्या करताना शुष्क, अर्धशुष्क आणि कोरडे-उपआर्द्र एवढेच प्रदेश धरले, आणि ते ठरवण्यासाठी शुष्कता निर्देशांक वापरला. वर्षभरात पडणाऱ्या पावसाला, जमिनीतून आणि झाडांतून वाफ होऊन जाऊ शकेल अशा पाण्याने भागले की हा निर्देशांक मिळतो; तो 0.05 ते 0.65 या दरम्यान असेल तर तो भाग कराराच्या कक्षेत येतो. गडचिरोलीचा बहुतेक भाग या मर्यादेच्या ओल्या बाजूला पडतो, म्हणजे व्याख्येच्या पहिल्याच पायरीवर तो विचाराबाहेर जातो. भारताने मात्र आपल्या देशपातळीवरील नकाशांमध्ये हे बंधन पाळले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाळवंटीकरण व भूमी-ऱ्हास ॲटलासमध्ये संपूर्ण देश मोजला गेला आणि 2011-13 च्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या भौगोलिक क्षेत्रापैकी 29.32 टक्के, म्हणजे 9 कोटी 64 लाख हेक्टर जमीन ऱ्हासग्रस्त ठरली. महाराष्ट्राचा आकडा त्याहून कितीतरी मोठा, जवळपास 45 टक्के होता. देशभरात पाण्याने होणारी धूप पहिल्या क्रमांकावर आणि वनस्पतींच्या आच्छादनाचा ऱ्हास दुसऱ्या क्रमांकावर होता. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील या जंगल-तलावांच्या धानपट्ट्याच्या, दृष्टीने हे दोनच प्रकार निर्णायक आहेत आणि ते एकमेकांना बांधलेले आहेत.

या ॲटलासचे प्रमाण 1 : 5,00,000 असे आहे, म्हणजे नकाशावरील एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर भरतो आणि एक चौरस मिलिमीटरच्या ठिपक्यात 25 हेक्टर जमीन मावते. एखाद्या गावाचे हजार हेक्टरचे जंगल या नकाशावर बोटाच्या नखाहूनही लहान दिसते. धानाची बांधी म्हणजे बांधांनी वेढलेले शेत, तिचा धुरा म्हणजे बांध, गावाची बोडी म्हणजे लहान तळे किंवा डोंगराच्या पायथ्याशी नव्याने पडलेली घळ यांपैकी काहीच त्यावर उमटू शकत नाही. देशाचे धोरण ठरवायला असा नकाशा पुरेसा आहे, परंतु धानोरा किंवा गोंडपिपरी तालुक्यातील ग्रामसभेला त्यावरून काही ठरवता येणार नाही.

संवेदनशीलता मोजण्याची जी पद्धत आज जगात सर्वाधिक वापरली जाते ती भूमध्य समुद्राच्या काठावर घडली. युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने 1991 पासून चाललेल्या ‘मेडालस’ या प्रकल्पातून ती निघाली आणि कॉस्मास, कर्कबी व गीसन यांनी 1999 मध्ये तिची मार्गदर्शक पुस्तिका संपादित केली. ग्रीसमधील लेस्वोस बेट, इटलीतील आग्री नदीचे खोरे आणि पोर्तुगालमधील आलेंतेजो प्रांत येथे ती तपासली गेली. पद्धतीची मांडणी सोपी आहे आणि तिच्या प्रसाराचे रहस्यही त्यातच आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला माती, हवामान, वनस्पती आणि व्यवस्थापन या चार अंगांनी गुण दिले जातात. प्रत्येक गुण 1 ते 2 या दरम्यान असतो, 1 म्हणजे सर्वांत सुरक्षित आणि 2 म्हणजे सर्वांत नाजूक. मातीच्या अंगात पोत, मूळ खडक, दगडगोट्यांचे प्रमाण, खोली, उतार आणि निचरा हे सहा घटक येतात. हवामानात पाऊस, शुष्कता आणि उताराची दिशा. वनस्पतींत वणव्याचा धोका, धुपेपासून संरक्षण, अवर्षण सोसण्याची शक्ती आणि आच्छादनाची टक्केवारी. आणि व्यवस्थापनात जमीन किती राबवली जाते व संरक्षणाची धोरणे किती अमलात येतात, हे पाहिले जाते. शेवटी चारही अंगांच्या गुणांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढतात, ज्याला गणितात भूमितीय मध्य म्हणतात. उत्तर 1.17 च्या खाली आले तर ती जमीन निर्धोक, 1.22 पर्यंत संभाव्य धोक्याची, 1.37 पर्यंत नाजूक आणि त्यापुढे गंभीर गणली जाते.

ही कोष्टके जशीच्या तशी चंद्रपूर-गडचिरोलीवर ठेवून पाहिली म्हणजे अडचण कोठे आहे ते कळते. पावसाच्या कोष्टकात 650 मिलिमीटरहून अधिक पाऊस असणाऱ्या प्रत्येक जागेला 1 हा सर्वोत्तम गुण मिळतो, आणि या दोन जिल्ह्यांत 650 च्या खाली सरासरी असलेले एकही ठिकाण नाही. म्हणजे सिरोंच्यापासून चिमूरपर्यंत सगळा प्रदेश पावसाच्या बाबतीत एकसारखाच निर्धोक ठरतो आणि हा घटक नकाशात असून नसल्यासारखा होतो. आच्छादनाच्या कोष्टकात 40 टक्क्यांहून अधिक आच्छादनाला 1 गुण आहे. भारतीय वन सर्वेक्षण 70 टक्क्यांहून अधिक छत्र असलेल्या जंगलाला अतिदाट, 40 ते 70 टक्क्यांच्या जंगलाला मध्यम दाट आणि 10 ते 40 टक्क्यांच्या जंगलाला विरळ म्हणते. तेव्हा एटापल्ली किंवा कोरचीच्या एखाद्या टेकडीवरचे अतिदाट जंगल खंगत खंगत 41 टक्क्यांवर आले तरी या कोष्टकात त्याचा गुण तसूभरही बदलत नाही. वणव्याच्या कोष्टकात तर ओक, पाइन आणि भूमध्य प्रदेशातील झुडपे आहेत. तेथे साग, ऐन, धावडा, मोह आणि बांबू यांना जागाच नाही.

चौथ्या मुळाचे गणितही येथे फसवे ठरते, आणि ते थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. समजा, एखाद्या उतारावरील मातीची अवस्था कोष्टकातील सर्वांत वाईट, म्हणजे 2 आहे, परंतु पाऊस भरपूर, झाडी चांगली आणि जमीन राखीव वनात असल्यामुळे उरलेल्या तिन्ही अंगांना 1 गुण मिळाला. दोनचे चौथे मूळ 1.19 येते, आणि माती संपत आलेला हा उतार ‘संभाव्य धोका’ एवढ्याच सौम्य वर्गात पडतो. त्याच प्रदेशातील दुसरा तुकडा घ्यावा, ज्यात हवामान 1, माती 1.3, वनस्पती 1.2 आणि व्यवस्थापन 1.2 आहे, त्याचे उत्तर सुमारे 1.17, म्हणजे निर्धोक आणि संभाव्य धोक्याच्या सीमेवर. आता तेथील झाडी तुटली आणि उतारावर नांगर आला, वनस्पतींचा गुण 1.8 आणि व्यवस्थापनाचा 1.6 झाला, की तोच तुकडा 1.39 वर जाऊन एका झेपेत दोन वर्ग ओलांडतो आणि गंभीर ठरतो. माती तीच, पाऊस तोच. या प्रदेशाची संवेदनशीलता हिरव्या आच्छादनाने झाकून ठेवलेली आहे आणि आच्छादन निघेपर्यंत ही पद्धत ती दाखवत नाही. ती दाखवू लागते तेव्हा तो संवेदनशीलतेचा नकाशा राहत नाही, झालेल्या ऱ्हासाची नोंद होऊन बसतो.

भरपूर पाऊस ही सुरक्षिततेची खूण मानणे लेस्वोस बेटावर योग्य असेल, झाडीपट्टीत ते उलटे आहे. वर्षाच्या पावसातील फार मोठा वाटा येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांच्या झोडपणाऱ्या सरींतून पडतो. धुपेचा हिशोब करणाऱ्या विशमायर आणि स्मिथ यांच्या सर्वमान्य समीकरणात पावसाची आघातशक्ती हा पहिला गुणक असतो, आणि पाऊस वाढला की तो वाढतो. गडचिरोलीच्या पूर्व भागात पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट या अतिप्राचीन खडकांपासून बनलेली लाल-पिवळी माती आहे. तिच्यातील सुपीकता वरच्या काही बोटांच्या थरात आणि त्यावर पडलेल्या पालापाचोळ्यात साठलेली असते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवा लागून तो पालापाचोळा जळाला, तर मृगाच्या सरी थेट उघड्या मातीवर आदळतात आणि दोन-तीन पावसांत जो थर जातो तो घडायला शतके लागलेली असतात. आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला हे कळत नाही, कारण पाऊस पडून पंधरवडा उलटला की सगळीकडे पालवी आणि गवत येते आणि चित्र पुन्हा हिरवे होते.

हिरवेपणाची ही फसगत आणखी दोन ठिकाणी होते. वनविकास महामंडळाची स्थापना 1974 मध्ये झाली आणि नैसर्गिक मिश्र जंगल तोडून तेथे सागाची लागवड करण्याचे काम या जिल्ह्यांत मोठ्या क्षेत्रावर झाले. उपग्रहाच्या चित्रात सागाचे रोपवन दाट छत्र म्हणून नोंदले जाते. परंतु सागाच्या रुंद पानांवर साचून पडणारे पाण्याचे थेंब मोठे असतात, आणि खाली गवत-झुडपांचा थर नसला किंवा तो जळालेला असला तर झाडांच्या सावलीतच माती उधळली जाते, हे सागाच्या लागवडीवरील अभ्यासांतून दिसून आलेले आहे. दुसरे ठिकाण चंद्रपूरचा कोळसापट्टा. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्गुस, माजरी येथील उघड्या खाणींतून कोळशाच्या वरची माती आणि खडक उपसून रचलेले ढिगारे आता डोंगरांएवढे झाले आहेत, आणि त्यांवर लावलेली झाडे नकाशात हिरवी दिसतात. ढिगाऱ्यावर मूळ मातीचे थर उलटे झालेले असतात, खालचा शेलचा चुरा वर येतो आणि वरची सुपीक माती तळाशी गाडली जाते. त्यावर झाड जगले म्हणून जमीन परत आली असे म्हणता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचे मूल्यमापन केले तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह अतिगंभीर प्रदूषित परिसरांत चौथ्या क्रमांकावर होते. जुन्या भूमिगत खाणींवर वसलेल्या वस्त्यांत जमीन खचण्याचा धोका आणखी निराळा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्गुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. मेडालसच्या सहा मृदा-घटकांत ‘खाली पोकळी आहे काय’ हा प्रश्न नाही, आणि चंद्रपूरचा नकाशा तो प्रश्न विचारल्याशिवाय पुरा होऊ शकत नाही.

मातीच्या माहितीसाठी अभ्यासकाला नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोकडे वळावे लागते. 1976 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने राज्याचे मृदा-नकाशे 1 : 2,50,000 या प्रमाणावर तयार केले आहेत आणि त्यांचे मोल वादातीत आहे. परंतु या भागातील शेतकऱ्यांकडे मातीची स्वतःची वर्गवारी पिढ्यान्‌पिढ्या आहे. काळी, चिकण आणि खोल ती कन्हार. तिच्याहून हलकी, चुनखडीचे खडे मिसळलेली ती मोरांड. उथळ, मुरमाड ती खर्डी. लाल, निकस ती वर्डी. आणि धानाला मानवणारी पिवळसर, रेतीमिश्रित ती शिहार. ब्रिटिश काळातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी महसूल ठरवताना अशाच नावांचा आधार घेतला, एवढेच नव्हे तर मध्य प्रांतातील धानाच्या मुलखात शेताची जागा कोणती आहे हेही पाहिले. उंचवट्यावरचे शेत टिकरा, सपाटीवरचे समान आणि पाणी येऊन थांबते असे खोलगट शेत झिलान, अशी ती विभागणी होती. एकाच जातीची माती टिकऱ्यावर धुपते आणि झिलानात भर घालते, ही गोष्ट त्या वर्गवारीत गृहीत होती. आधुनिक नकाशात उताराची टक्केवारी असते, पण वरून येणारी माती कोणाच्या शेतात थांबते हे नसते. जुन्या दप्तरांतील ही वर्गवारी आजच्या नकाशाचा एक थर म्हणून उतरवून घेण्याजोगी आहे.

धानाची बांधी ही स्वतःच माती धरून ठेवणारी रचना आहे. चारही बाजूंनी धुरे घातलेली, थोडी थोडी खाली उतरत जाणारी शेते पावसाचे पाणी अडवतात, वाहत आलेला गाळ निवळून तळाशी बसतो, रोवणीच्या वेळी तो चिखलात मिसळतो, आणि धान उभे असतानाच टाकलेली लाखोळी उरलेल्या ओलाव्यावर येते. या बांध्यांच्या वरच्या अंगाला तलाव आणि तलावाच्या वर जंगल, अशी जी साखळी ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या भागांत आहे ती कोहळी समाजाच्या आणि मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, काळात बांधली गेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आता सर्रास मामा तलाव म्हणतात. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, दुरुस्तीची जुनी बांधिलकी तुटली आणि नवी पुरेशी उभी राहिली नाही. वरचे जंगल विरळ झाले की तलाव गाळाने भरतो, तलाव भरला की सांडव्यावरून पाणी जोराने येते, आणि त्या पाण्याने एक धुरा फुटला की खालचे धुरे ओळीने फुटतात. म्हणून बांधीची संवेदनशीलता बांधीत नसते, ती तिच्या वर कोस-दोन कोसांवर असते. तुकड्या-तुकड्याला स्वतंत्र गुण देणाऱ्या कोणत्याही पद्धतीला हे नाते दिसत नाही. मामा तलावांतील गाळाची खोली मोजली आणि वरच्या पाणलोटाशी ताडून पाहिली, तर गेल्या सत्तर वर्षांत कोठून किती माती निघाली याचा यापेक्षा विश्वासार्ह पुरावा सापडणार नाही. 2017 पासून राज्यात गाळ काढून शेतात टाकण्याची योजना चालू असताना उपसण्यापूर्वी त्या गाळाचा थर मोजून ठेवण्याची साधी गोष्ट तरी या चार जिल्ह्यांत व्हायला हवी.

जिवती तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. माणिकगड डोंगररांगेवरील हे पठार काळ्या पाषाणाचे, माती बहुतेक ठिकाणी उथळ, आणि मूळ वस्ती कोलाम व गोंड समाजाची. 1960 नंतर, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, मराठवाड्यातून मोठ्या संख्येने कुटुंबे येथे आली, जंगल तुटले आणि उतारावर कापूस-सोयाबीन आले. कोणत्याही कोष्टकाने पाहिले तरी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातील सर्वांत नाजूक तुकड्यांत मोडेल. पण त्याच्या नाजूकपणाचे एक कारण मातीत किंवा उतारात सापडत नाही, ते सात-बारात सापडते. जमीन वनाची की महसुलाची, हा वाद दशकानुदशके लांबल्यामुळे असंख्य शेतकऱ्यांच्या हाती पट्टा नाही; पट्टा नाही म्हणून पीककर्ज मिळण्यात अडचण, आणि ज्या जमिनीवर आपला हक्क उद्या राहील की नाही याची खात्री नाही तिच्यावर बांधबंदिस्ती करायला कोणी पदरचा पैसा घालत नाही. हक्काची अनिश्चितता हा मातीच्या धुपेचा प्रत्यक्ष घटक आहे आणि व्यवस्थापनाच्या अंगात त्याला स्वतंत्र गुण असायला हवा.

याउलट काही ठिकाणी कोष्टक ज्याला उत्तम म्हणेल तीच जमीन हातची जाते. गोदावरी आणि प्राणहितेच्या काठावरील सिरोंचा तालुक्यातील काळी, खोल, सपाट जमीन उताराच्या, खोलीच्या आणि पावसाच्या कोष्टकात 1 गुणाचीच आहे. जून 2019 मध्ये तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा सुरू केला आणि त्यानंतर नदीकाठच्या शेतांत पाणी पसरण्याच्या व काठ खचण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. जुलै 2022 च्या महापुरात तर उभी पिके गेलीच, शिवाय शेतांवर वाळू आणि गाळ पसरला. दुसरे उदाहरण खाणीचे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर 2007 मध्ये मंजूर झालेला लोहखनिजाचा पट्टा 348 हेक्टरचा, म्हणजे राष्ट्रीय ॲटलासवर चौदा चौरस मिलिमीटर भरणारा आहे. परंतु डोंगरमाथ्यावर उघडी झालेली लोहयुक्त बारीक माती पावसाबरोबर नाल्यांनी खाली उतरते तेव्हा तिचा परिणाम पट्ट्याच्या सीमेवर थांबत नाही. या दोन्ही उदाहरणांत क्षेत्राच्या गुणाला काहीच अर्थ उरत नाही. पाण्याचा मार्ग धरून, नाल्याच्या उगमापासून मुखापर्यंत रेषेने गुण द्यावे लागतात. खाण वाढवण्याची परवानगी देण्यापूर्वी असा रेषेचा नकाशा हाती असणे हे येथील शेतकऱ्यांचे किमान देणे आहे.

चार अंगांपैकी व्यवस्थापन हे सर्वांत ढोबळपणे मोजले जाते, आणि या दोन जिल्ह्यांत निकाल ठरवणारे अंग नेमके तेच आहे. मूळ पद्धतीत एखाद्या क्षेत्राचा 75 टक्क्यांहून अधिक भाग संरक्षणाखाली असेल तर त्याला 1 गुण मिळतो. कागदावर राखीव असलेले गडचिरोलीचे जंगल अशा रीतीने जवळजवळ सरसकट पूर्ण गुण मिळवते, मग तेथे दरवर्षी वणवा लागो वा न लागो. प्रत्यक्षात संरक्षण कोणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून असते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 मध्ये 1,006 हेक्टरवर हक्क मिळाला, आणि त्या गावाने घेतलेला एक निर्णय या लेखाच्या विषयाशी अगदी थेट भिडतो. तेंदूपत्ता हे झाडीपट्टीत उन्हाळ्याच्या रोख उत्पन्नाचे मोठे साधन आहे. नवी, कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून आधी झुडपांची खुटकटाई करतात आणि अनेक ठिकाणी जमिनीवर आग लावली जाते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणूनही झाडाखालचा पाला जाळतात, आणि ती आग जंगलभर पसरते. पाचगावच्या ग्रामसभेने आग आणि झाडांची छाटणी टाळण्यासाठी तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले आणि उत्पन्नाची भिस्त बांबूवर ठेवली, तीही तोडीचे नियम स्वतः करून. हातच्या पैशावर पाणी सोडून मातीवरचा पाला राखण्याचा हा निर्णय आहे. संवेदनशीलतेच्या भाषेत सांगायचे तर त्या हजार हेक्टरांचा वणव्याचा गुण खाली आला, धुपेपासूनच्या संरक्षणाचा सुधारला आणि व्यवस्थापनाचा तर पूर्णपणे बदलला. तरीही प्रचलित नकाशात पाचगावचे जंगल आणि त्याला लागून दरवर्षी जळणारे जंगल यांचा रंग एकच राहील.

हा फरक मोजता येत नाही असे मात्र नाही. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून वणव्यांच्या सूचना दररोज देते, आणि गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक वणवे नोंदवणाऱ्या जिल्ह्यांत नेहमी असतो; दहा-पंधरा वर्षांच्या या नोंदी ग्रामसभांच्या सीमांवर ठेवल्या तर कोणत्या जंगलात आग कमी झाली ते आकड्यांनी सांगता येईल. त्यात एका गोष्टीचे भान ठेवावे लागेल. बांबूला काही दशकांनी एकदाच फुलोरा येतो आणि त्यानंतर तो सामूहिकरीत्या वाळतो. अशा वर्षी हिरवेपणा घटलेला दिसला तर तो ऱ्हास समजायचा नाही, मात्र वाळलेल्या बांबूमुळे पुढच्या उन्हाळ्यातील आगीचा धोका कितीतरी पटींनी वाढतो हे नोंदवायचे. झाडाचे जीवनचक्र ठाऊक असलेल्या माणसाशिवाय उपग्रहाचे चित्र वाचता येत नाही, आणि ती माणसे गावांत आहेत.

नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे उपग्रहचित्रे आणि तंत्रज्ञ आहेत. 10 मीटरपर्यंत तपशील देणारी युरोपीय सेंटिनेल उपग्रहाची चित्रे 2015 पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांच्या आधाराने गावपातळीवरचा नकाशा काढण्यात तांत्रिक अडसर उरलेला नाही. उणीव आहे ती जमिनीवरच्या माहितीची, आणि तिचा एक मोठा साठा सरकारी कपाटांतच पडून आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा दावा करताना प्रत्येक ग्रामसभेला आपल्या पारंपरिक सीमेचा नकाशा जोडावा लागतो, ज्यात नाले, चराईच्या जागा, देवस्थाने, बांबूची बने आणि शेजारच्या गावांच्या खुणा दाखवलेल्या असतात. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत, म्हणजे तेवढे नकाशे उपविभागीय आणि जिल्हा समित्यांच्या दप्तरांत आहेत. त्यांवर मातीच्या स्थानिक जाती, तलावांतील गाळ, वणव्यांच्या नोंदी आणि खाणपट्ट्यांच्या खालचे नाले चढवायचे आहेत. या कामाची सुरुवात कठाणी नदीच्या खोऱ्यापासून करणे सोयीचे ठरेल, कारण मेंढा ज्या नदीकाठी आहे त्या खोऱ्यात जंगल, तलाव, बांध्या आणि हक्कधारक ग्रामसभा हे सारे जवळजवळ आहे आणि मोठी खाण नाही. तेथे मिळालेली मापे ही पुढे सुरजागडच्या नाल्यांशी आणि जिवतीच्या उतारांशी ताडून पाहण्यासाठी आधाररेषा म्हणून वापरता येतील. सुरजागडचे काम मात्र त्यासाठी फार काळ थांबवून चालणार नाही, कारण तेथे खाण दर वर्षी वाढते आहे आणि मूळ मातीचे नमुने ती उलटण्यापूर्वीच घ्यावे लागतील.